दहीपुलाखालून सुरुवात: एका गल्लीचा इतिहास कसा शोधायचा

नाशिकच्या दहीपुलावर उभं राहिलं तरी पूल दिसत नाही. दुकानं दिसतात, हातगाड्या दिसतात, दिवाळीच्या आधी तर रस्त्याची जमीनही दिसत नाही. पण जोराचा पाऊस तासभर कोसळला की दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या पट्ट्यात पाणी चढतं आणि दुकानदारांची माल वर उचलायची धांदल उडते. खाली सरस्वती नाला आहे. तो झाकला गेला, वर रस्ता आला, पण गोदावरीकडे जायची त्याची वाट काही बदलली नाही. जुन्या नाशिकचा इतिहास शोधायला निघालेल्या गटाने पहिला रविवार याच उतारावर घालवावा. हातात पुस्तक नको. कुठे चढ आहे, कुठे उतार आहे, कोणती गल्ली उगाच वळते आणि कोणत्या वाड्याची मागची भिंत सरळ न जाता तिरकी गेली आहे, एवढंच पाहायचं. विनाकारण वळणाऱ्या गल्लीखाली बहुतेक वेळा पाणी असतं किंवा पडलेल्या तटाची रेघ असते.

गटाची पहिली चूक क्षेत्र ठरवतानाच होते. ‘जुनं नाशिक’ हा विषय दहा जणांच्या गटाला झेपत नाही. दोन चौकांमधली एक गल्ली आणि तिला फुटणारे बोळ, म्हणजे साधारण दीडशे ते दोनशे घरं, हे वर्षभर पुरणारं काम आहे. हद्द नकाशावर आखून घ्यावी आणि मोह झाला तरी ती ओलांडू नये. हद्द न आखलेले गट तीन महिन्यांत पांडवलेण्यांवर जाऊन पोचतात. लेणी उत्तमच आहेत. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा आणि दहाव्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. पण ते लेख कधीच वाचून झालेत, छापूनही झालेत. तांबट लेनमधल्या घरांची यादी मात्र अजून कुणी केलेली नाही, आणि ती तिथल्या माणसांशिवाय दुसरं कुणी करणारही नाही.

उतार पाहून झाला की नावांकडे वळावं. नाशिकमध्ये नावांचे थर अगदी स्पष्ट आहेत. काझीपुरा, कोकणीपुरा, नाईकवाडीपुरा हे ‘पुरे’ शहराला गुलशनाबाद म्हणत त्या मोगल काळाकडे बोट दाखवतात. रविवार, सोमवार अशा वारांच्या ‘पेठा’ मराठेशाहीची छाप दाखवतात. गोरेराम लेन, तांबट लेन, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन यांतली ‘लेन’ नगरपालिकेच्या काळातली, आणि नाशिकची नगरपालिका १८६४ची. दिल्ली दरवाजा, भगूर दरवाजा, त्र्यंबक दरवाजा, नाव दरवाजा इथे आज वेस उभी नाही; नाव तेवढं उरलं. ही सगळी नावं नकाशावर ठेवली की गावाची जुनी कड हळूहळू उमटायला लागते. मात्र हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. जुन्या पेठेला नवं नाव मिळतं, नव्या वस्तीला हौसेने जुन्या धाटणीचं नाव देतात, आणि ‘लेन’ हा शब्द तर जुन्या आळीच्या नावावर सरळ चिकटवलेला असतो. तांबट लेनमधले तांबट लेनच्या आधीपासूनचे आहेत.

इथेच वहीत तीन रकाने पाडून घ्यावेत: पाहिलं, वाचलं, ऐकलं. प्रत्येक नोंद यांतल्या एकाच रकान्यात जाईल. दही विकायला बसत म्हणून दहीपूल, हे ‘ऐकलं’. खाली नाला वाहतो, हे ‘पाहिलं’. एखाद्या खरेदीखतात ‘पश्चिमेस नाला’ असं आढळलं तर ते ‘वाचलं’, आणि तिथे खताचं साल व दस्त क्रमांक आलाच पाहिजे. दोन रकान्यांतल्या नोंदी एकमेकींना दुजोरा देतात तेव्हाच वाक्य ठामपणे लिहायचं. एवढी एक शिस्त पाळली तरी गटाचं निम्मं काम सुधारतं. अनेक पुस्तिका वाया जातात त्या खोटं लिहिल्यामुळे नव्हे, तर हे तीन रकाने एकात कालवल्यामुळे.

आता कागद. घराचा माग काढताना सगळ्यात मोठा गोंधळ नंबरांचा होतो. एकाच वाड्याला जुना म्युनिसिपल घर नंबर असतो, घरपट्टीचा मिळकत क्रमांक असतो आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. घर नंबर आकारणी बदलली की बदलतो, म्हणून १९३०चा ५१२ आणि १९६०चा ५१२ एकच घर असेल असं धरू नये. सिटी सर्व्हे नंबर जमिनीला चिकटलेला असतो. वाटण्या झाल्या की त्याचे अ, ब किंवा १, २ असे तुकडे पडतात, पण मूळ आकडा टिकतो. त्यामुळे गटाच्या तक्त्यात पहिला रकाना सिटी सर्व्हे नंबराचाच हवा, बाकीचे नंबर सालासह त्याच्यासमोर. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची नक्कल मिळते. त्यावरचे फेरफार खालून वर, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे वाचत गेलं की वारस, विक्री आणि वाटणीची साखळी लागते. चौकशी नोंदवही पाहायला मिळाली तर फारच उत्तम, कारण पहिल्या मोजणीच्या वेळी कोण ताब्यात होतं आणि कशाच्या आधारे, हे तिच्यात असतं.

खरेदीखतांचं खरं मोल चतुःसीमेत आहे. विकणारा आणि घेणारा हे दोघे तर असतातच, पण पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस सरकारी बोळ, उत्तरेस फलाण्याची भिंत, असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका दस्तातून चार-पाच घरांचे मालक कळतात. दहा वर्षांच्या टप्प्यातले आठ-दहा दस्त जमले तर एका बाजूची अख्खी रांग कागदावर उभी राहते, आणि ज्या घरांचे दस्त मिळालेच नाहीत त्यांचीही नावं शेजाऱ्यांच्या सीमांमधून सापडतात. दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार यादी, इथे कामी येते. दोन ठिकाणी फसायला होतं. एक, दस्त लिहिणाऱ्याने दिशा होकायंत्राने घेतलेल्या नसतात. नदी ज्या अंगाला ती एक दिशा धरून बाकीच्या ठरवलेल्या असतात, आणि गोदावरी या भागात वळणं घेते. दोन, सीमेवर लिहिलेलं नाव मेलेल्या माणसाचं असू शकतं, कारण जुन्या दस्तावरून सीमा जशाच्या तशा उतरवून घ्यायची रीत होती. म्हणून एकाच दस्तावर विसंबून ‘१९२२ साली इथे अमुक राहत’ असं लिहू नये.

जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि हात न उचलता ओळ पुढे जाते. त्यामुळे आडनावं वाचताना घोटाळे होतात. पुराभिलेख विभाग मोडीची परीक्षा घेतो. गटातल्या निदान दोघांनी ती द्यावी. दोघांनी यासाठी की एकाने वाचलेलं दुसऱ्याने ते न पाहता पुन्हा वाचायचं आणि मग दोन्ही ताडून बघायची. कालगणना तर पाठच करावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. फसलीत, म्हणजे महसुली वर्षात, ५९० किंवा ५९१. शुहूर सनात, म्हणजे मराठी दप्तरातल्या अरबी आकड्यांच्या वर्षात, ५९९ किंवा ६००, आणि हे वर्ष मृग नक्षत्रावर, जूनच्या सुरुवातीला बदलतं. पेशवाईतल्या कागदावर ‘सन सितैन मया व अलफ’ असं दिसलं तर सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६०. ५९९ मिळवून जून १७५९. तेव्हापासून पुढच्या जूनपर्यंतचं वर्ष. तारखेआधी येणारं ‘छ’सारखं चिन्ह म्हणजे हिजरी चांद्र तारीख. ते विसरून शेजारचा आकडा मराठी तिथी म्हणून वाचला की महिनाच बदलतो.

वाडा वाचायलाही शिकावं लागतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण साडेचार ते सहा फूट; ‘पाच खणी सोपा’ (सोपा म्हणजे ओसरी) असा उल्लेख कागदात सापडला की प्रत्यक्ष खांब मोजून तो ताडता येतो. जोतं घडीव दगडाचं, वर सागवानी चौकट, मध्ये पांढऱ्या मातीची किंवा पातळ विटांची भिंत, वर कडीपाट म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, अशी ठेवण दिसली तरी लगेच ‘पेशवेकालीन’ म्हणू नये. ही ठेवण पेशवाईनंतरही बराच काळ चालू राहिली. सालाचा अंदाज बांधायला छोट्या वस्तू जास्त उपयोगी पडतात. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ साली निघाला, तेव्हा कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असेल तर ते छप्पर त्याआधीचं नाही. लोखंडी तुळईवर टाटांचं नाव असेल तर ती १९१२च्या पुढची. पण यातून छपराचं किंवा तुळईचं वय कळतं, वाड्याचं नाही. वाडा त्याहून शंभर वर्षं जुना असेल, किंवा मोडलेल्या दुसऱ्या वाड्याचं सामान आणून नंतर बांधलेलाही असेल. नारोशंकराच्या मंदिराची घंटा याचं उत्तम उदाहरण आहे. तिच्यावर १७२१ साल आहे, ती वसईच्या विजयानंतर इकडे आली आणि वसई पडली १७३९ला, तर मंदिर १७४७चं. घंटेवरचं साल वाचून मंदिराचं वय सांगणारा २६ वर्षांनी चुकतो.

जोत्याच्या पायऱ्या जरूर मोजाव्यात. रस्त्यावर थरावर थर, मग डांबर, मग काँक्रीट चढत गेलं आणि जुन्या वाड्यांच्या तळच्या पायऱ्या खाली गेल्या. समोरासमोरच्या दोन वाड्यांत एकाला तीन पायऱ्या दिसतात आणि दुसऱ्याच्या दिंडी दरवाजातून आत उतरावं लागतं, तेव्हा रस्ता किती चढला याचा अंदाज येतो. एक पायरी साधारण सात-आठ इंच धरून प्रत्येक घरासमोर आकडा मांडला की गल्लीचा जुना उतार पुन्हा काढता येतो. सराफ बाजाराकडे पाणी आता आधीपेक्षा वेगळ्या घरांत का शिरतं, याचं उत्तरही याच आकड्यांत सापडतं. मला या साऱ्या कामातला हा भाग सर्वांत आवडतो. खडू, टेप आणि दोन माणसं एवढ्यावर तो होतो, आणि आजवर कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी नक्की हाती लागतं.

रस्त्याखालीच गेलेली दुसरी गोष्ट म्हणजे रहाडी. रंगपंचमीला दिल्ली दरवाजा, तिवंधा, शनी चौक अशा ठिकाणी जमिनीतले दगडी हौद उघडतात, त्यात रंग करतात, लोक उड्या मारतात आणि सण झाला की लाकडी ओंडके टाकून वर माती लोटून ते पुन्हा बुजवतात. वर्षाचे बाकीचे दिवस वरून वाहनं जातात. उघडलेल्या दिवशीच माप घ्यावं, तेही सकाळी, रंग पडायच्या आत: लांबी, रुंदी, खोली, दगडांचे थर किती, पायऱ्या कुठल्या बाजूला. जागा निश्चित करायला दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने अंतर घ्यायचं. मोबाइलच्या नकाशावरची खूण दाट वस्तीत सहज पाच-दहा मीटर सरकते, आणि रहाड काही तेवढी मोठी नसते. बंद असलेल्या रहाडींच्या जागाही जुन्या लोकांना माहीत असतात. त्या आधी ‘ऐकलं’मध्ये आणि मग शेजारच्या घराचा सिटी सर्व्हे नंबर देऊन नकाशावर.

शिलालेख दिसला की हात शिवशिवतात. खडू भरणं, तेल लावणं, तारेच्या ब्रशने शेंदूर खरवडणं, यांतलं काहीही करू नये. खडूने आपण वाचलं तेच अक्षर दगडावर उमटतं आणि पुढचा माणूस तेच वाचतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, तिरपा उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून टाकत चार फोटो काढावेत, कॅमेरा स्टँडवर, शेजारी मोजपट्टी. पुसट वाटणारी अक्षरं सावलीने उठून येतात. सुंदरनारायण मंदिर, सरकारवाडा अशा संरक्षित वास्तूंमध्ये मापं घ्यायची किंवा स्टँड लावायचा तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी.

उकरायचं तर मुळीच नाही. नदीकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केलं आणि नाशिकच्या वस्तीचे थर पहिल्यांदा क्रमाने समोर आले. खापराचा एक तुकडा कोणत्या थरात होता यावरच सगळं अवलंबून असतं. खिशात टाकलेला तुकडा मुका होतो. जुन्या घराच्या जागी पायासाठी खड्डा घेतला आणि बाजूच्या भिंतीत राखेचा, विटांचा, खापरांचा थर दिसला तर मालकाला विचारून फोटो काढावा, जमिनीपासून किती खाली आहे ते मोजावं आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं. नाणी किंवा मौल्यवान काही निघालं तर १८७८चा निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

मुलाखतींची घाई करावी असं सगळे सांगतात. माणसांची वयं पाहता ते खरंच आहे. पण नकाशा न घेता गेलात तर आजोबा ‘पूर्वी फार छान होतं’ इथे सुरू होतात आणि तिथेच थांबतात. गल्लीचा मोठा कागद पुढ्यात पसरून विचारावं: नळकोंडाळं कुठे होतं, पीठाची गिरणी कुणाची, तालीम कुठल्या बोळात, कोणत्या घरात पहिला रेडिओ आला, पुराचं पाणी कुठल्या पायरीला लागलं. बायकांना वेगळं विचारावं, घरातले पुरुष समोर नसताना. पाणी, विहिरी, मागचे बोळ आणि बाळंतपणं यांचा नकाशा त्यांच्याकडे असतो. एक जण बोलेल, दुसरा लिहील. पाऊण तास झाला की उठावं आणि आठवड्याने पुन्हा जावं. दुसऱ्या भेटीत पहिल्यापेक्षा जास्त मिळतं.

‘पुराच्या साली’ असं उत्तर आलं की लगेच १९६९ लिहून मोकळं होऊ नये. नाशिकमध्ये १९६९, २००८, २०१६, २०१९ हे सगळेच पूर लोकांच्या तोंडी आहेत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी होतं हे विचारलं की उत्तर नेमकं होतं, कारण नाशिककर पूर त्याच्यावरच मोजतो: गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. ‘सिंहस्थाच्या आदल्या वर्षी’ असं कुणी म्हटलं तर बारा-बारा वर्षं मागे मोजत जाऊ नये. सिंहस्थ गुरू सिंह राशीत आल्यावर भरतो आणि गुरूची फेरी ११.८६ वर्षांची आहे, म्हणून अधूनमधून दोन सिंहस्थांत अकराच वर्षांचं अंतर पडतं. २००३ आणि २०१५ बरोबर आले म्हणून सगळेच तसे येतील असं नाही.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी हा एक वेगळाच खजिना. गावावार, आडनावावार पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी, आलेल्यांच्या सह्यांसकट. पण त्यात यात्रेकरू सापडतात, गल्लीतले रहिवासी नव्हे. उपयोग होतो तो एखादं घराणं नाशिकला स्थायिक होण्याआधी कुठून आलं हे शोधताना. त्या वह्या ही त्या घराण्यांची उपजीविका आहे. गुरुजी स्वतः वाचून दाखवतील तेवढं लिहून घ्यावं, दक्षिणा द्यावी आणि मोबाइल खिशातच ठेवावा.

गटात कोण आहे, यावर काय लिहिलं जाईल हे ठरतं. पंचवटीत काम करणाऱ्या गटाने काळाराम मंदिराच्या शिल्पावर चार पानं आणि २ मार्च १९३०ला सुरू झालेल्या सत्याग्रहावर दोन ओळी लिहिल्या, तर ती वस्ती अर्धीच लिहिली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, भाऊराव (दादासाहेब) गायकवाडांच्या संघटनेने हजारो माणसं त्या गल्ल्यांतून चालली, मंदिराचे दरवाजे बंद केले गेले आणि लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. मोर्चा कुठून वळला, सत्याग्रहींच्या मुक्कामाची सोय कुणी केली, कोणत्या घरांनी पाणी दिलं आणि कोणत्या घरांनी दारं लावली, हे स्थानिक गटच शोधू शकतो, पण त्यासाठी त्या सत्याग्रहींच्या नातवंडांपर्यंत, नाशिकच्या बाहेरच्या खेड्यांतही जावं लागतं. काझीपुरा, कोकणीपुऱ्यातही तेच: उर्दू वाचणारा माणूस गटात नसेल तर तिथली निम्मी कागदपत्रं बंदच राहतात.

मिळालेले फोटो आणि कागद त्याच दिवशी परत द्यावेत. कागद ३०० डीपीआय, छायाचित्र ६०० डीपीआय, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का आणि शाईतलं नाव तिथेच असतं. फाइलच्या नावात सिटी सर्व्हे नंबर, साल आणि देणाऱ्याची खूण असावी, ‘वाडा जुना नवीन २’ असं नको. एक प्रत गटाकडे, एक घरमालकाला, एक वाचनालयाला. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचं आहे. आपल्या हार्ड डिस्कपेक्षा ते नक्की जास्त टिकेल. आणि घरोघरी एक गोष्ट कळकळीने सांगावी: जुने कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदाला आतून खातात आणि नंतर तो सोडवता येत नाही. सुती कापडात गुंडाळून, कोरड्या पेटीत, सपाट ठेवले तरी पुरे.

नकाशा मे अखेरपर्यंत तयार ठेवावा, प्रत्येक घरासमोर पायऱ्यांचे आकडे घातलेला. पहिला मोठा पाऊस झाला की दोघांनी छत्र्या घेऊन दहीपुलावर जावं, दर पंधरा मिनिटांनी पाणी कोणत्या ओट्याच्या कुठल्या पायरीला टेकलं ते वेळेसह लिहावं, आणि पाणी सराफ बाजाराकडे वळतं तिथपर्यंत त्याच्या मागोमाग चालत जावं.